न झाल्याचा दाखला

करवीर तहसीलचा बाबू चष्मा कपाळावर सारून म्हणाला,
‘आण्णा, झालं असेल तर दाखला मिळतो.
जन्म झाला, मिळतो. मयत झालं, मिळतो.
न झाल्याचा कुठनं देऊ?
कुठलं रजिस्टर काढू?’

सगळी काढा म्हणालो.
ती कुठंच नाही, एवढंच लिहा.
मागं सातबाऱ्याला थांबलेले हसले.
मीही हसलो थोडा. रांगेत हसावं लागतं.

प्रज्वला. वय एक्केचाळीस.
बारा वर्षं नेदरलँड्सला, पाण्याच्या पंपांवर काम.
गावाच्या नावात असा एक ग आहे
की म्हणायच्या आधी घसा खाकरावा लागतो.
तिथल्या नगरपालिकेत तिला लग्न करायचंय
एका टक्कल पडलेल्या, सायकलवरनं फिरणाऱ्या, शांत माणसाशी.
त्यांचं म्हणणं एवढंच :
आधी लग्न झालेलं नाही, हे तुमच्या सरकारनं सांगावं.

सरकारला काय माहीत.
मला माहीत आहे.
जयसिंगपूरचे आले, ट्रॅक्टरच्या किमतीवर बोलून गेले.
सांगलीच्यांना ती जास्त बोलते असं वाटलं.
निपाणीच्या मुलाला तिनंच नको म्हटलं,
जिन्यात, त्याच्या पायात चपला जायच्या आत.
तिची आई असती तर तारखांसकट सांगितलं असतं.

उद्यमनगरात चौतीस वर्षं मी लाकडी पॅटर्न केले.
सागवान तासून आधी वस्तू करायची,
वाळूत दाबायची, अलगद काढून घ्यायची.
रस ओततात तो तिच्या नसण्यात.
आणि आतनं पोकळ हवं असेल
तर त्या पोकळीचाही वेगळा साचा करावा लागतो.
नवी पोरं वैतागायची :
भोकासाठी एवढी मेहनत?
हो बाबा. भोकच चुकतं जास्त.

तर पाचशेचा स्टॅम्प.
दोन साक्षीदार : शिरगावे मास्तर आणि इलाही रिक्षावाला.
इलाहीनं सांगितलं, लिहा साहेब,
हिचं लग्न आम्ही अजून जेवलेलो नाही.
नोटरीनं ते वाक्य काही घेतलं नाही.
कागद मुंबईला गेला, तिथनं दिल्लीला,
आणि पाठीवर एक चौकोनी स्टिकर घेऊन आला.
अपोस्टिल. मी तीनदा म्हणून बघितलं,
एखाद्या गोळीचं नाव वाटलं,
जेवणानंतर घ्यायची.

मग तिकडनं पत्र.
जन्मदाखल्यावर बाप आण्णासाहेब,
पासपोर्टावर आण्णासो.
हे दोन गृहस्थ कोण?

आता त्या बाईंना ‘सो’ कसा समजवायचा.
बाळासो, बापूसो, दादासो,
दूध संस्थेच्या पासबुकापासनं लग्नपत्रिकेपर्यंत
आमच्याकडं साहेब असाच अर्ध्यात तोडतात,
मान पुरता देतात, शाई वाचवतात.
पुन्हा स्टॅम्प. पुन्हा वकील.
‘आण्णासाहेब आणि आण्णासो हे एकच इसम असून
तो इसम मीच आहे.’
सही करताना उगाच खाली-वर बघितलं.
चौतीस वर्षं पगार एकानं घेतला,
पोरीला विमानतळावर सोडून
पुण्यापासनं घरापर्यंत एसटीत न बोलता आला तो दुसरा.
पण स्टॅम्पावर असलं लिहीत नाहीत.

या सगळ्यात सहा महिने उलटले
आणि पहिला दाखला बाद झाला.
तिकडं न झालेलंही शिळं होतं म्हणे.
बरोबरच आहे. माणसाचं काय सांगता येतं.

पुन्हा करवीर तहसील. तोच बाबू.
‘अजून नाहीच झालं?’
नाही म्हणालो. व्हायचंय म्हणूनच तर.
त्यानं शिक्का उचलला, पॅड वाळलेलं,
शिक्क्यावर तोंडानं हा केलं
आणि जोरात दाबला. अर्धा उठला.
दुसऱ्यांदा दाबला.

‘झाल्यावर तिकडचा दाखला इकडं नोंदवायला आणाल,
तेव्हा माझ्याकडं नको,’ म्हणाला,
‘चार नंबरची खिडकी.’

जाता जाता बघून ठेवली.
आत कुणी नव्हतं.
खुर्चीच्या पाठीला टॉवेल होता,
पंखा चालू होता.